फेस, गाळ आणि फेसबुक

आमच्या लाकडी घाण्याच्या फेसबुक पेजवरची पहिली पोस्ट होती ‘हॅपी फ्रेंडशिप डे’. ऑगस्ट २०२१. एकमेकांत गुंफलेले दोन हात, मागे गुलाबी आभाळ आणि कोपऱ्यात तेलाची बाटली. बाटलीही आमची नव्हती, कुठल्यातरी ऑलिव्ह तेलाची होती. आमचं तेल तेव्हा स्टीलच्या पिंपात असायचं आणि गिऱ्हाईक घरून बरणी घेऊन यायचं.

त्या पोस्टला २१४ लाइक पडले. मी हरखून मामाजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, मोबाइल दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून बघितलं अन् विचारलं, “याच्यातले तेल न्यायले कितीक येनार हायेत?”

एकही आलं नाही.

गेल्या महिन्यात समुद्रपूर तालुक्यातल्या बचत गटाच्या दोघी जणी घाण्यावर आल्या होत्या. हळद दळून विकतात. “ताई, तुमचं मोबाइलवर चांगलं चालते म्हणतात, आमालेबी सांगा ना.” तासाभरात जमेल तेवढं सांगितलं, पण त्या गेल्यावर लक्षात आलं की जे सांगायला हवं होतं तेच राहिलं. म्हणून हे सगळं लिहून काढतेय.

आमचं गाव हिंगणघाटपासून चौदा किलोमीटरवर. साडेआठ एकर वावर, त्यात कपाशी, तूर, सोयाबीन, आणि थंडीत थोडा चणा नि जवस. घाणा बसवला २०२१ साली. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी केंद्राची तेव्हा जी पीएमएफएमई योजना होती, ३५ टक्के अनुदान आणि कमाल दहा लाख, तिच्यातून कर्ज केलं. तीन एचपीची मोटर, लाकडाची उखळ, लाकडाची लाट, म्हणजे उखळीत फिरणारा दांडका. अन्नसुरक्षा बघणाऱ्या सरकारी एफएसएसएआयची नोंदणी वर्षाला शंभर रुपयांत झाली. लहान धंद्याला तेवढी पुरते, फक्त तो चौदा आकडी नंबर लेबलवर छापावा लागतो. इथवर सगळं सुरळीत झालं. घाण्यातून तेल निघायला लागलं आणि ते कुणाला विकायचं हा प्रश्न पुढ्यात आला. गावात दीडशे घरं, त्यातली शंभर सोयाबीनच्या पिशवीवाली.

नागपूरच्या एका डिजिटल मार्केटिंगवाल्यांचं कार्ड यांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, कुणीतरी दिलं. महिन्याला पाच हजार, तीन महिन्यांचे आगाऊ. त्यांचा एक पोरगा गाडीनं येऊन अर्धा तास थांबला, घाण्याचे चार फोटो काढले आणि गेला. “तुम्ही वर्ध्याचे, म्हणजे गांधीजींचं काहीतरी टाकू,” असं जाताना म्हणाला. मी त्याला सांगितलं की १९३४ साली अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ वर्ध्याच्या मगनवाडीतच निघाला, तेलघाणी सुधारायचं काम तिथं झालं, ते लिहा. त्यानं मान हलवली. दोन ऑक्टोबरला पोस्ट आली ती चष्मा आणि काठीचं चित्र, खाली ‘स्वच्छ भारत, स्वच्छ तेल’.

तीन महिन्यांत मी मोजल्या त्या ३८ पोस्ट. बावीस सणांच्या आणि कसल्याकसल्या दिवसांच्या शुभेच्छा, नऊ सुविचार, बाकी बाटलीची चित्रं. लाइक करणाऱ्यांची नावं उघडून बघायला लागले तर कुणी ढाक्याचं, कुणी जकार्ताचं. हिंगणघाटचे मोजून अकरा, त्यातले सात आमच्या नात्यातले.

खरा घाव बसला तो एका ओळीचा. ‘आमच्या स्वतःच्या शेतात पिकवलेल्या शेंगदाण्यापासून.’ मी कधी असं बोलले नव्हते. आमच्याकडं जवस घरचा, पण शेंगदाणा आम्ही बाजारातून आणतो. ती पोस्ट गावातल्या पोरांनी वाचली. दुसऱ्या दिवशी एसटी स्टँडवर पानठेल्यावरून आवाज आला, “वहिनी, भुईमूग कोन्या वावरात पेरला वं? आमाले तं दिसला नाई!” सगळा ठेला हसला. मी बसमध्ये चढले आणि हिंगणघाट येईस्तोवर खिडकीबाहेर बघत बसले. त्या पोरांचं काही चुकलं नव्हतं. आमच्या नावानं कुणीतरी खोटं बोललं होतं आणि त्यासाठी पंधरा हजार आम्हीच मोजले होते.

चौथ्या महिन्याचे पैसे द्यायला नाही म्हटलं तेव्हा पेज हातातून गेलं. ते त्यांनी त्यांच्याच खात्यावरून उघडलं होतं. मुख्य ॲडमिन ते, मी नुसती पोस्ट टाकू शकणारी. दोन महिने फोन केले, मग नाद सोडला आणि नवं पेज उघडलं. हळदवाल्या बायांना मी पहिल्यांदा हेच सांगितलं: काम कुणालाही द्या, पण पेज, ईमेल आणि पासवर्ड तुमच्या नावावर, तुमच्या मोबाइल नंबरवर असू द्या. सातबारा दुसऱ्याच्या नावावर ठेवून वाही करतं का कुणी?

नव्या पेजवर टाकायचं काय, ते मला सुचेना. माझा भाचा पुण्याला हिंजवडीत आहे. त्याला फोन केला तर म्हणाला, “मामी, आधी काहीच टाकू नको. महिनाभर फक्त फोन घे. लोक काय विचारतात ते एका वहीत लिही, त्यांच्याच शब्दांत.” मला वाटलं, हा टाळतोय. पण घाण्याजवळ दोरीला पेन बांधून वही टांगली. फोन आला की लिहायचं. मी नसले तर मामाजी लिहायचे, मोडीसारख्या त्यांच्या अक्षरात.

महिनाभरात ४३ फोन झाले. वही वाचली तर विचारणं फिरून फिरून तेच होतं. सगळ्यात जास्त वेळा: “एवढं महाग काऊन?” मग: “तळताना फेस येऊन राहिला, भेसळ हाये का?” मग: “बुडाशी गाळ बसला.” मग: “किलोचा भाव सांगता का लिटरचा?” जवसाच्या तेलाबद्दल: “भाजीत घालू का नुसतं प्यायचं?” आणि म्हातारी माणसं हमखास विचारायची: “ढेप देता का?” ढेप म्हणजे तेल काढून उरलेला चोथा.

शुद्ध आहे का, निसर्गाशी नातं आहे का, असं त्या ४३ जणांत कुणीच विचारलं नव्हतं. नागपूरवाल्यांच्या प्रत्येक पोस्टमध्ये मात्र तेच दोन शब्द होते.

पहिलं उत्तर भावाचं लिहायचं ठरवलं. मराठी टाइप करायला मला वेळ लागतो म्हणून बोलून लिहायला घेतलं. मी बोलायचे ‘ढेप’, मोबाइल लिहायचा ‘झेप’. मी म्हणायचे ‘घाण्याचं तेल’, तो लिहायचा ‘घाणीचं तेल’. रात्री साडेदहाला झोपेच्या तारेत न वाचताच पोस्ट करून टाकली आणि सकाळी उठले तर नणंदेचा मेसेज: “वहिनी, ‘शंभर टक्के घाण तेल’ लिहिलंय, काढ आधी!” तेव्हापासून काहीही लिहिलं की आधी यांना मोठ्यानं वाचून दाखवते. हे कान देऊन ऐकत नाहीत, पण वाचताना मलाच चूक दिसते.

भावाची पोस्ट अशी होती. एक किलो तेल काढायला अडीच किलो शेंगदाणा लागतो. तेव्हा चांगला दाणा १२० रुपये किलोनं मिळत होता, म्हणजे दाण्याचेच ३०० झाले. वीज, मजुरी आणि बाटली मिळून ४२. उरलेली ढेप जवळपास दीड किलो, ती चाळीसनं जाते, म्हणजे ६० परत आले. तेल आम्हाला पडलं २८२ला, विकतो ३१०ला. खाली मामाजींच्या हिशेबाच्या कागदाचा फोटो जोडला, खाडाखोडीसकट. यांना ते अजिबात पटलं नव्हतं. “आपला नफा जगाले सांगतं का कोनी?” असं म्हणून दोन दिवस रुसले.

त्या पोस्टला लाइक पडले ३१. पण ती वॉट्सॲपवर फिरली, आणि “एवढं महाग काऊन” म्हणणारे फोन पुढच्या महिन्यात निम्म्यावर आले. काही जण हिशेब वाचूनच आले. एक निवृत्त गुरुजी तर घाण्यावर येऊन वजनकाट्याजवळ बसले. अडीच किलो दाणा आपल्या हातानं मोजून टाकायला लावला, तेल निघेस्तोवर थांबले आणि गाळायच्या आधीच वजन करून म्हणाले, “एक किलो बेचाळीस ग्रॅम. बरोबर आहे, गाळ धरून.” ते आजही दर दोन महिन्यांनी पाच किलो नेतात आणि दर वेळी काट्याकडं एकदा बघतात.

लिटर आणि किलोची भानगड पण अशीच सुटली. तेल पाण्यापेक्षा हलकं, लिटरभर तेलाचं वजन साधारण ९१० ग्रॅम भरतं. दुकानातल्या पिशवीवर बारीक अक्षरात ते लिहिलेलं असतं, कुणी वाचत नाही. आम्ही किलोनं विकायचो आणि लोक लिटरच्या पिशवीशी भाव ताडून बघायचे. काट्यावर एक लिटरची बाटली ठेवून व्हिडिओ काढला, बावीस सेकंदांचा. बोलणं काहीच नाही, नुसता काट्यावरचा आकडा.

फेसाचं उत्तर लिहायला मलाच शिकावं लागलं. कच्च्या तेलात फॉस्फोलिपिड नावाचा चिकट भाग असतो. रिफाइन करताना तो आधी काढून टाकतात. घाण्यात तो राहतो, शिवाय दाण्यातली थोडी ओलही तेलात उतरते. कढई तापली की दोन्ही मिळून फेस धरतात. म्हणून घाण्याच्या तेलात तळायचं तर कढई अर्धीच भरायची, आच मंद ठेवायची. हे लिहिताना शेवटी एक वाक्य घातलं: ‘रोज भजी-वडे तळणाऱ्या हॉटेलवाल्यांनी आमचं तेल घेऊ नये, परवडणार नाही आणि जमणारही नाही.’ भाचा म्हणाला, मामी, गिऱ्हाईक हाकलतेस का? पण आपण काय विकत नाही ते सांगितल्यावर माणसं आपण काय विकतो ते जरा नीट ऐकतात, असा माझा अनुभव आहे. आणि हॉटेलवाल्यांचे वैतागलेले फोनही बंद झाले.

आता वॉट्सॲपचं सांगते, कारण इथं मी स्वतः वर्षभर फसले होते. बिझनेस ॲप घेतलं, त्यात कॅटलॉग लावला, फोटो आणि भाव टाकले. ब्रॉडकास्ट लिस्ट केली, म्हणजे एकच मेसेज सगळ्यांना एकदम धाडायची यादी. तिच्यात २५६ नंबर बसतात, माझे २३० झाले. दर महिन्याला ‘ताजं तेल निघालं’ म्हणून मेसेज पाठवायचे. उत्तरं यायची आठ-दहा. मला वाटायचं, लोकांना नको असेल. एकदा मेसेजवर बोट दाबून माहिती उघडली, तर पोचला होता फक्त ७१ जणांना. ज्याच्या मोबाइलमध्ये आपला नंबर सेव्ह आहे त्यालाच ब्रॉडकास्ट जातं. बाकीच्या १५९ जणांकडं माझा एकही मेसेज कधी गेलेला नव्हता आणि मी मनातल्या मनात त्यांच्यावर रागावून बसले होते. तेव्हापासून तेल मोजून दिलं की पैसे घ्यायच्या आधी म्हणते, “भाऊ, माझा नंबर टाका बरं मोबाइलात, घाणावाली म्हणून.” समोर उभं राहून टाकायला लावते. लाज सोडावी लागते थोडी.

गूगल मॅपवर घाणा चढवणं हे वेगळंच प्रकरण. पत्ता खरा आहे का बघायला तेव्हा त्यांच्याकडून पोस्टकार्ड यायचं, त्यावर पाच आकडी पिन असायचा. पहिलं कार्ड आलंच नाही. दुसरं आलं ते पोस्टमननं आठ दिवस स्वतःकडं ठेवलं. “ताई, मले वाटलं लॉटरीवाल्या फसव्यांचं हाये, तुमाले देऊ का नोको.” त्याचंही बरोबर होतं. पिन टाकला आणि नागपूर-हैदराबाद रस्त्यानं जाणाऱ्या गाड्या आत वळायला लागल्या. त्यांना फेसबुकशी काही देणंघेणं नसतं. ‘लाकडी घाणा जवळपास’ एवढं शोधतात, नकाशावर टिंब दिसतं आणि येतात.

ब्लॉगची कल्पना भाच्याचीच. फेसबुकवरचं आज टाकलेलं परवा सापडत नाही, आणि मला फेसाचं तेच उत्तर दर आठवड्याला नव्यानं लिहावं लागत होतं. फुकटातला ब्लॉग उघडून दिला त्यानं. एका प्रश्नाला एक पान. फोन आला की थोडक्यात सांगायचं आणि लिंक धाडायची. पहिले सहा महिने तिथं आम्हा दोघांशिवाय कुणी फिरकलं नसेल. मग त्यानं गूगल सर्च कन्सोल जोडून दिलं. लोकांनी काय टाइप केलं, आपलं पान किती वेळा दिसलं, किती जणांनी उघडलं, हे तिथं फुकट दिसतं. ते बघून माझे डोळे उघडले. मी सगळीकडं ‘जवस’ लिहिलं होतं. आमच्याकडं तोच शब्द. पण पुण्या-मुंबईकडची बरीच माणसं ‘अळशी’ शोधत होती, कुणी ‘फ्लॅक्ससीड’, आणि खूप जण मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत लिहीत होते. एकाच बियाण्याची चार नावं, आणि आमच्या दारावर पाटी एकाच नावाची. मग पानाच्या पहिल्याच ओळीत लिहिलं, ‘जवस म्हणजेच अळशी.’ इंग्रजी अक्षरांतलं नाव पानाच्या पत्त्यात घातलं. दोन-तीन महिन्यांत फरक दिसला.

तरी सगळ्यात जास्त वाचलं जातं ते पान तेलाचं नाहीच. सासूबाईंच्या चटणीचं आहे.

पावसाळ्यात एक दिवस मी काटा घेऊन चुलीजवळ बसले, कारण सासूबाईंचं माप म्हणजे ‘अंदाजानं टाक’. त्या मुठीनं जवस घ्यायच्या, मी मूठ धरून काट्यावर रिती करायला लावायची. “काय वं, सोनं मोजून राहिली का?” तीन मुठी म्हणजे १२५ ग्रॅम भरले. तव्यावर मंद आचेवर, जवस तडतडून उडायला लागला की लगेच खाली. त्या म्हणाल्या, “उडाला म्हणजे झाला. काळा होऊ दिला तं कडू.” मग आठ सुक्या मिरच्या, आमच्याकडं भिवापुरीच आणतात, दहा-बारा लसणाच्या पाकळ्या सालासकट, जिरं, मीठ. खलबत्त्यात, मिक्सरमध्ये नाही. मिक्सरमध्ये जवस गरम होऊन तेल सोडतो आणि चटणीचा लगदा होतो. लसूण शेवटी. ज्वारीच्या भाकरीवर चटणी, तिच्यात बोटानं खळगा करून घाण्याचं तेल. फोटो काढला तेव्हा भाकरी एका बाजूनं करपलेली होती. तोच टाकला.

त्या पानाखाली पुण्याहून, नाशिकहून लोकांनी लिहिलं. बहुतेक सगळे मूळचे इकडचेच. कुणी आर्वीचं, कुणी वणीचं, कुणी वरुडचं. ‘माझी आजी असंच करायची’ म्हणणारे. तेव्हा मला कळलं की आमचं गिऱ्हाईक दोन ठिकाणी आहे, एक घाण्यापासून तीस किलोमीटरच्या आत आणि दुसरं नोकरीसाठी पुण्याला गेलेलं. मधल्या महाराष्ट्राशी आम्हाला बोलायचंच नाही. जाहिरातीचे पैसे यानंतरच खर्च केले. महिन्याला पाचशे, त्यातही अठरा टक्के जीएसटी जातो. तेवढ्यात हिंगणघाट आणि आजूबाजूचा पट्टा, नाहीतर हिंजवडी-चाकणचा. दोन्हींना पोस्ट वेगळी. इकडच्यांना ढेपेचा आणि तेलाचा भाव, तिकडच्यांना चटणी आणि पार्सलची सोय.

पार्सल आम्ही ट्रॅव्हल्सनं पाठवतो, जसे इथले आईबाप पोरांना लोणच्याच्या बरण्या पाठवतात तसेच. संध्याकाळी गाडीत टाकायचं, सकाळी पुण्यात माणूस येऊन नेतो. आधी कुरिअरनं पाठवून बघितलं होतं. एकदा पाच किलोचा कॅन फुटून पोचला. त्या बाईंनी पेजवर फोटो टाकला, तेलात भिजलेलं खोकं, खाली ‘पैसे पाण्यात’. माझं पहिलं मन झालं की कमेंट लपवावी. तशी सोय असते. रात्रभर मोबाइल उशाशी ठेवून पडले. सकाळी त्याच कमेंटखाली लिहिलं की कॅनच्या झाकणाला आतून सील नव्हतं, चूक पॅकिंगची म्हणजे आमची, दुसरा कॅन आज निघतोय. आणि नव्या सीलचा फोटो. १५५० रुपयांचं तेल गेलं. त्या बाई आजही घेतात. त्याहून विशेष म्हणजे ती कमेंट वाचून दोन नवे फोन आले. “फुटलं तर परत देता ना, वाचलं आम्ही.”

एका चुकीचा मात्र हिशेब लागत नाही, आणि ती मला कुणी शिकवली नव्हती, माझीच होती.

२०२२च्या हिवाळ्यात एक मेसेज सगळीकडं फिरत होता, जवसाच्या तेलानं हृदयाचे ब्लॉकेज निघतात, शुगर मुळासकट जाते. सुंदर लिहिलेला होता. मी तो तसाच पेजवर टाकला, वर आमचा नंबर. तोवर कुठल्याच पोस्टला इतके शेअर मिळाले नव्हते. दहा-बारा बाटल्या गेल्या. तिसऱ्या आठवड्यात यवतमाळकडून एका माणसाचा फोन आला. चिडलेला नव्हता, थकलेला होता. म्हणाला, “ताई, माझ्या आईनं शुगरची गोळी बंद केली. तुमचं तेल घेते म्हणे रोज दोन चमचे. साडेतीनशेच्या वर गेली होती काल. आता दवाखान्यात आहे.”

मी काय बोलले ते आठवत नाही. फोन ठेवल्यावर आधी पोस्ट काढली. मग आमच्या नेहमीच्या गिऱ्हाइकांतले एक औषध दुकानदार आहेत, त्यांच्याकडं गेले. त्यांनी शांतपणे सांगितलं की खाण्याच्या वस्तूनं रोग बरा होतो असं छापणं बेकायदाच आहे. अन्नाच्या जाहिराती आणि दाव्यांचे एफएसएसएआयचे नियम २०१८चे, आणि त्याच्या कितीतरी आधीचा १९५४चा कायदा, चमत्कारी उपायांच्या जाहिरातींविरुद्धचा. त्यात मधुमेहाचं नाव लिहिलेलं आहे. “जवसात ओमेगा तीन आहे, लिहा. शुगर बरी होते, लिहू नका.” मी वही काढली, त्या तीन आठवड्यांत जवसाचं तेल नेलेल्या प्रत्येकाला फोन केला. अकरा जण होते. त्यातल्या दोघांनी गोळ्या कमी केल्याचं कबूल केलं. पेजवर लिहिलं की आधीची पोस्ट चुकीची होती, मी खातरजमा न करता टाकली होती, डॉक्टरची गोळी कुणी बंद करू नये. ती माफीची पोस्ट शेअर केली चौघांनी. आधीची, चारशेच्या वर.

ती आजी चार दिवसांनी घरी आली. त्यांच्या मुलानं मला तेवढं कळवलं, उपकारच म्हणायचे.

जवसाच्या पानावर आता वापरायची रीत तेवढी आहे. उजेडानं आणि उष्णतेनं हे तेल लवकर खवट होतं, म्हणून गडद बाटलीत, थंड जागी, दीड-दोन महिन्यांत संपवायचं, तळायला वापरायचं नाही. आमच्या मामाजींच्या लहानपणी घरोघरी हेच तेल खायचे, पण तेव्हा आठवड्याला लागेल तेवढंच गाळून आणायचे, ही गोष्ट विसरली जाते.

रीलचं सांगायचं राहिलं, कारण सगळे तेच विचारतात. मामाजी घाण्याजवळ बसून बोलतात अशी एक रील मी काढली होती. “हे लाट पाय, मिनिटाले चौदा-पंधरा चक्कर. आमचा बैल याच्याहून हळू चालत होता, पन त्याले शेंगदाना खायचा नाद होता.” ऐंशी हजारांवर लोकांनी बघितली. तीनशे कमेंट. गावात मामाजींना पोरं ‘रीलवाले आजोबा’ म्हणायला लागली. त्यातून ऑर्डर आल्या तीन, त्यातली एक अमेरिकेतून. चटणीचं पान महिन्याला पाच-सहाशे लोक उघडतात आणि त्यातले दहा-बारा फोन करतात. मला रीलचं वाईट वाटत नाही, मामाजी खूश झाले. पण घाण्याचा हप्ता चटणी भरते.

यंदा जवस लवकर संपला. मेच्या अखेरीस लिहिलं, ‘घरचा जवस संपला, बाहेरचा आणून विकणार नाही, पुढचा माल फाल्गुनात.’ पानठेल्यावरची ती पोरं, आता एकाचं लग्न झालंय, त्यानं खाली लिहिलं, ‘हे खरं हाये, वावर आमच्या बाजूलेच हाये.’ मी त्या कमेंटचा फोटो काढून ठेवला आहे.

आणि परवा चंद्रपूरकडून फोन आला, मामाजींनी घेतला. एक म्हातारे गृहस्थ होते. तेल नको होतं त्यांना. घरी दोन पायल्या जवस आहे, तुम्ही गाळून द्याल का, मजुरी किती, ढेप कोणाची? मामाजींनी फोन हातानं झाकून मला विचारलं, “काय सांगू वं?” मजुरीनं गाळून द्यायचा भाव आम्ही कधी ठरवलाच नव्हता, चार वर्षांत कुणी विचारलंच नव्हतं. मी म्हटलं, थांबा, विचार करून सांगतो म्हणा. त्यांनी फोनवर सांगितलं, “आना तुमी. ढेप तुमची.” मग दोरीचं पेन ओढून वहीत लिहायला लागले.

भाव अजून ठरायचा आहे.